न्यू जर्सी कॉपरच्या खाली दिसणारं दुसरं नाणं: जास्त पैसे मोजावेत का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही एडिसनला राहता. इथल्याच एका नाणे-प्रदर्शनात तुम्हाला १७८७ सालचं न्यू जर्सी कॉपर, म्हणजे त्या राज्याचं जुनं तांब्याचं नाणं दिसलं, मारिस ५६-एन (मारिस यांच्या यादीतला ठशांच्या जोडीचा क्रमांक). घोड्याच्या कपाळासमोर, काठालगत, भलत्याच अक्षरांचे तुकडे दिसतात. विक्रेता म्हणतो, हे कनेक्टिकटच्या नाण्यावर पुन्हा ठोकलेलं आहे, दुर्मीळ आहे. आणि म्हणून साध्या ५६-एनच्या दुपटीहून जास्त किंमत सांगतो. नाणं पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत आहे, पण लेबलवर खालच्या नाण्याचा उल्लेख नाही. घ्यावं की नाही, आणि अशी नाणी जमवायची असतील तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

नाणं हातात न घेता ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, माझंही नाही. पण विक्रेत्याच्या वाक्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या वेगळ्या केल्या तर निम्मं उत्तर मिळतं. ५६-एन हे बहुतेक वेळा दुसऱ्या नाण्यावरच ठोकलेलं असतं. तो त्या प्रकाराचा स्वभावच आहे, त्यामुळे ‘पुन्हा ठोकलेलं आहे’ एवढ्यासाठी जास्त पैसे द्यायचं कारण नाही. पैसे मोजायचे ते खालचं नाणं कोणतं आहे हे स्वतः वाचता येत असेल तर, आणि ते किती स्पष्ट वाचता येतं त्यावर. बहुसंख्य ५६-एनवर खाली काहीतरी आहे एवढंच कळतं, काय आहे ते कळत नाही. दोन्ही बाजूंनी ओळखता येणारं खालचं नाणं मात्र खरंच थोड्या नमुन्यांवर सापडतं.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण ही नाणी का झाली हे कळल्याशिवाय त्यांच्यात काय शोधायचं ते कळत नाही. १ जून १७८६ ला न्यू जर्सीच्या विधिमंडळाने वॉल्टर मोल्ड, थॉमस गोड्सबी आणि अल्बियन कॉक्स यांना तीस लाख कॉपर पाडायचा परवाना दिला. प्रत्येक नाणं १५० ग्रेनचं, म्हणजे साधारण ९.७ ग्रॅमचं असावं आणि एकूण रकमेचा दहावा हिस्सा राज्याला मिळावा, अशी अट होती. कॉक्स आणि गोड्सबी यांची टांकसाळ राहवेला होती, मोल्डची मॉरिसटाउनला. पुढे भागीदारांत वाद झाले आणि काम मॅथायस ऑग्डन यांच्या हातात गेलं. त्यांनी ते एलिझाबेथटाउनला, म्हणजे आजच्या एलिझाबेथला चालवलं. तुम्ही एडिसनहून न्यूअर्कला गाडीने जाता तेव्हा राहवे आणि एलिझाबेथ ही दोन्ही स्टेशनं वाटेत लागतात. या नाण्यांचा बराचसा इतिहास तुमच्या रोजच्या रेल्वेमार्गावर घडलाय, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

ऑग्डन यांनी जुनी नाणी पुन्हा ठोकायला घेतली ती नफ्यासाठी. नाणं पाडण्यात सर्वांत खर्चिक काम ठसा मारण्याचं नसतं. तांबं वितळवणं, त्याचे पत्रे लाटणं आणि त्यातून सारख्या वजनाच्या चकत्या कापणं, यात पैसा जातो. बाजारात हलक्या कॉपर नाण्यांचा सुळसुळाट झाला होता: कनेक्टिकटची, इंग्लंडातून आलेली नोव्हा कॉन्स्टेलॅशिओ, आणि इथे-तिथे बनवलेली खोटी ब्रिटिश व आयरिश हाफपेनी. १७८९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कॉपरचा भाव एकदम कोसळला, पण न्यू जर्सी आपली नाणी करापोटी स्वीकारत असल्याने ती बऱ्यापैकी टिकून राहिली. मग पडत्या भावात मिळणारं नाणं घ्यायचं, ते तसंच स्क्रू प्रेसमध्ये ठेवायचं, एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला ढाल ठोकायची, की त्याची किंमत वाढली. तांबं तेच, काम एका फटक्याचं.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा साठा ठाऊक असलेल्यांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. १९०६ साली सापडलेल्या त्या साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. तिथे मात्र हेतू सत्ता दाखवण्याचा होता. हरलेल्या राजाचा चेहरा झाकला जातोय हे लोकांना दिसणं महत्त्वाचं होतं. न्यू जर्सीत उलट, खालचं नाणं जितकं पुसलं जाईल तितकं ठोकणाऱ्याला हवंच होतं. म्हणून इथे खालचं नाणं शोधायला जास्त कष्ट पडतात.

तर ओळखायचं कसं? मी वापरतो ती पद्धत सांगतो.

सुरुवात दिव्यापासून. वरून पडणाऱ्या प्रकाशात खालचं नाणं जवळपास दिसत नाही. खोलीतला मोठा दिवा बंद करा, एकच टेबललॅम्प ठेवा, तो नाण्याच्या पातळीशी जवळजवळ समांतर येईल इतका खाली आणा आणि नाणं हळूहळू पूर्ण फिरवा. दहापट भिंग पुरतं. त्याहून मोठं केलं तर तुकडे दिसतात पण अक्षर दिसत नाही. डबीतलं नाणं असेल तर प्लास्टिकवर चमक येते, म्हणून दिवा थोडा मागे न्यावा लागतो.

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. ठशाचा सपाट भाग जिथे दाबला गेला तिथे खालची उठावाची रेघ चेपली जाते, पण तिची कडा राहते. म्हणून मोकळ्या जागेत पुसट, चपटी झालेली, थोडी रुंद वाटणारी अक्षरं दिसतात. दुसरी जागा म्हणजे नव्या चित्राचा सर्वांत उंच भाग, इथे घोड्याचा गाल. ठशाच्या सर्वांत खोल खळग्यात धातू पूर्ण चढला नसेल तर तिथे जुन्या नाण्याचा पृष्ठभाग तसाच राहतो. लोक तिथल्या खुणांना झीज किंवा ओरखडे समजून पुढे जातात. तिसरी जागा अक्षरांच्या मधल्या फटी आणि काठ. नवा ठसा थोडा सरकून बसला असेल तर एका बाजूला जुन्या नाण्याचा काठ आणि त्याची दातेरी किनार जवळजवळ शाबूत सापडते. ढालीच्या उभ्या रेघांमध्ये मात्र शोधण्यात वेळ घालवू नका. त्या बारीक रेघांत सगळं गिळलं जातं.

अक्षरं दिसली की लगेच ओव्हरस्ट्राइक, म्हणजे दुसऱ्या नाण्यावर ठोकलेलं, म्हणायची घाई नको. नाणं प्रेसमध्ये हललं आणि त्यावर दुसऱ्यांदा तोच ठसा बसला असेल तर तीच अक्षरं, त्याच आकारात, थोड्या अंतरावर पुन्हा दिसतात. न्यू जर्सीवर न्यू जर्सीचीच. मध्ये चकती नसताना दोन्ही ठसे एकमेकांवर आपटले असतील तर मागच्या बाजूच्या चित्राच्या खुणा पुढे उलट्या, आरशातल्यासारख्या येतात, आणि त्या ठशाच्या पुढच्या सगळ्या नाण्यांवर त्याच जागी येतात. नंतर कुणी कोरलेलं किंवा ठोकलेलं अक्षर असेल तर ते नव्या चित्राच्या वरून जातं. खऱ्या खालच्या नाण्याची खूण याच्या उलट असते: नव्या घोड्याची, नव्या अक्षराची कड जुन्या रेघेवरून अखंड जाते आणि जुनी रेघ तिच्याखाली नाहीशी होऊन पलीकडे पुन्हा निघते. ही एक गोष्ट भिंगाखाली नीट पाहायला शिकलात तर विक्रेत्यांची निम्मी लेबलं तुम्हीच तपासू शकाल.

आता ज्या तपासणीवर मी सर्वांत जास्त भरवसा ठेवतो ती. कनेक्टिकट आणि न्यू जर्सी या दोन्ही नाण्यांची मागची बाजू पुढच्या बाजूच्या तुलनेत साधारणपणे उलटी असते; म्हणजे वरची कड खाली येईल असं नाणं उलटलं की मागची बाजू सरळ दिसते. त्यामुळे खालच्या नाण्याची दिशा दोन्ही बाजूंना एकमेकींशी जुळायलाच हवी. घोड्याच्या बाजूला खालच्या चित्राचं डोकं घड्याळातल्या चारच्या दिशेला असेल, तर ढालीच्या बाजूला खालच्या चित्राचं डोकं आठच्या दिशेला यायला हवं. तीनला असेल तर नऊला, पाचला असेल तर सातला. ठसे दर वेळी तंतोतंत बसवलेले नसत, म्हणून थोडा फरक चालतो. पण एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला एक असं निघालं तर कुठेतरी वाचन चुकलंय.

माझ्याकडच्या एका ५६-एनवर हे असं दिसतं. घोड्याच्या कपाळासमोर ‘नोव्हा सिझेरिया’ (न्यू जर्सीचं लॅटिन नाव) यातल्या ‘सिझेरिया’ची अक्षरं आहेत. त्यांच्या फटीत एका डीचं गोल पोट आणि त्याच्या आधी एका एनची तिरकी रेघ दिसते. कनेक्टिकटच्या मागच्या बाजूला बसलेल्या स्त्रीच्या डावीकडे ‘इंडे’ आणि उजवीकडे ‘एट लिब’ असतं. म्हणजे ही ‘इंडे’ची मधली दोन अक्षरं; आणि ती ज्या कोनात आहेत त्यावरून त्या स्त्रीचं डोकं चारच्या दिशेला येतं. मग नाणं उलटून ढालीच्या बाजूला डोकं आठला धरून कनेक्टिकटचा चेहरा कल्पायचा. तो बहुतेक वेळा डावीकडे पाहतो, त्यामुळे त्याच्या डोक्यामागे बांधलेल्या फितीची टोकं अकराच्या सुमारास यायला हवीत. दिवा खाली आणल्यावर ढालीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याबाहेर ती दोन टोकं खरोखर दिसतात, एक आखूड, एक लांब. दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट सांगितली, म्हणून मी ते नाणं कनेक्टिकटवरचं मानतो. तुमच्या विक्रेत्याने कपाळासमोरची अक्षरं दाखवली असतील तर त्यालाच विचारा, मागच्या बाजूला काय दिसतं? त्याने ते पाहिलंच नसेल तर ‘कनेक्टिकट’ हा त्याचा अंदाज आहे.

जमलं तर हेच संगणकावर करा. नाण्याचा फोटो आणि खालच्या नाण्याचा स्वच्छ फोटो सारख्या मापात आणायचे, एक अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवायचा आणि फिरवत राहायचं. अक्षरांमधलं अंतर, किनारीच्या दातांची लांबी, फुलांसारख्या छोट्या खुणा, सगळं एकदम जुळलं की शंका राहत नाही. कधीकधी नुसतं ‘कनेक्टिकट’ नाही तर त्याचा मिलर क्रमांकही (कनेक्टिकट नाण्यांच्या यादीतला) निघतो, म्हणजे कोणत्या ठशांच्या जोडीचं नाणं खाली आहे तेही कळतं. आणि खालच्या नाण्यावर १७८८ असा आकडा सापडला तर वर १७८७ लिहिलेलं असूनही नाणं १७८८ किंवा त्यानंतर पाडलंय हे सिद्ध होतं. अशाच पुराव्यांवरून अभ्यासकांनी ५६-एनचा काळ नाण्यावरच्या सालाच्या बराच पुढे नेला आहे. या छंदात मला सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट हीच आहे. एक झिजलेलं तांब्याचं नाणं दुसऱ्या नाण्याबद्दल साक्ष देतं, आणि ती साक्ष कागदोपत्री कुठेही मिळत नाही.

वजनही उपयोगी पडतं, पण मर्यादेत. नाणं खालच्या नाण्याहून जड असू शकत नाही. कनेक्टिकटचं ठरवलेलं वजन १४४ ग्रेन होतं, म्हणजे ९.३ ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्षात बरीच त्याहून हलकी आहेत. खोट्या हाफपेनी तर आणखी हलक्या. म्हणून सात-आठ ग्रॅमचं ५६-एन पाहून दचकू नका, आणि दहाच्या वर गेलेलं, तरीही ‘कनेक्टिकटवर’ म्हटलेलं नाणं मात्र पुन्हा तपासा. डबीतलं नाणं वजन करता येत नाही. जुन्या लिलावात ते येऊन गेलं असेल तर तिथल्या नोंदीत वजन मिळण्याची शक्यता असते.

आता किंमत. हे तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. तुम्हाला फक्त न्यू जर्सीचा एक चांगला नमुना हवा असेल तर ५६-एन घेऊच नका. त्याच पैशात घोडा, नांगर आणि ढाल ठसठशीत असलेलं, साध्या चकतीवरचं १७८७ चं दुसरं नाणं घ्या. प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर ‘ई प्लुरिबस युनम’ (अनेकांतून एक) हे ब्रीद पहिल्यांदा आलं ते याच मालिकेत, ते नीट वाचता यायला हवं. खालच्या नाण्यांसाठीच संग्रह करायचा असेल तर माझा हिशोब असा: खाली काहीतरी आहे पण काय ते कळत नाही, तर साध्या ५६-एनचीच किंमत. एका बाजूला कनेक्टिकट असल्याचं नक्की कळतंय, तर थोडी जास्त. दोन्ही बाजूंनी स्पष्ट, किंवा मिलर क्रमांकापर्यंत पोचता येतंय, तर दुप्पटही योग्य ठरू शकते. माझ्या पाहण्यात कनेक्टिकट सर्वांत जास्त येतं, ब्रिटिश धर्तीच्या हाफपेनी त्याखालोखाल. नोव्हा कॉन्स्टेलॅशिओ खाली असेल तर किरणांच्या मधले तारे किंवा गुंफलेल्या पानांची माळ मोकळ्या जागेत डोळ्यात भरते, आणि अशा नाण्याला मी जास्त देतो.

लेबलवर उल्लेख नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. ग्रेडिंग कंपन्या खालचं नाणं दर वेळी तपासून लिहीत नाहीत. उलट त्यामुळेच अभ्यास करणाऱ्याला संधी मिळते. लेबलवर नुसतं ५६-एन, किंमतही तेवढीच, आणि खाली वाचता येणारं नाणं, असं मिळू शकतं. ग्रेडबद्दल मात्र सावध राहा. शेल्डन यांची १ ते ७० ची मोजपट्टी मुळात अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी आली, आणि जुन्या तांब्याचे संग्राहक तिचा वापर डबीवरच्या आकड्याहून बरेच कडक करतात: आधी झीज पाहायची, मग गंज, ओरखडे, काठावरचे मार यांसाठी आकडा खाली आणायचा. पुन्हा ठोकलेल्या नाण्यात खालच्या नाण्याचे अवशेष झिजेसारखे दिसतात, त्यामुळे इथे आकड्यापेक्षा पृष्ठभाग पाहा. गुळगुळीत, तपकिरी, खड्डे नसलेला पृष्ठभाग असलेलं कमी ग्रेडचं नाणं मी नेहमी खरबरीत पण ठसठशीत नाण्यापेक्षा पसंत करतो. खड्ड्यांत खालची अक्षरं हरवतात.

खोट्या नाण्यांचं भय तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. ओतीव नकलांना काठावर सांधा आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुडे असतात, त्या ओळखता येतात. अलीकडच्या ठोकलेल्या नकला जास्त फसव्या आहेत, कारण त्या एका खऱ्या नाण्यावरून ठसे बनवून काढतात आणि त्या खऱ्या नाण्याचे ओरखडेही उचलतात. इथे पुन्हा ठोकलेल्या नाण्याचा एक मोठा फायदा आहे. जुनं नाणं प्रेसमध्ये कुठल्या कोनात पडलं हा निव्वळ योगायोग असतो, त्यामुळे खालच्या खुणा प्रत्येक नाण्यावर वेगळ्या जागी असतात. दोन वेगळ्या नाण्यांवर तीच जुनी अक्षरं त्याच जागी, त्याच कोनात दिसली तर किमान एक नाणं नक्की बनावट आहे. घेण्याआधी जुन्या लिलावांतले ५६-एनचे फोटो चाळायची सवय ठेवा. स्टॅक्स बॉवर्स आणि हेरिटेज या लिलाव कंपन्यांचे जुने निकाल पाहता येतात, आणि न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टलवर जुने कॅटलॉग फुकट वाचता येतात.

सुरुवात कुठून करावी याचं माझं उत्तर लोकांना सहसा आवडत नाही. पुन्हा ठोकलेलं पहिलं नाणं घेण्याआधी खाली सापडणारी नाणी घ्या. झिजलेलं पण अक्षरं वाचता येणारं एक कनेक्टिकट, १७८५ चं एक साधं नोव्हा कॉन्स्टेलॅशिओ, आणि त्या काळची एक हलकी, खोटी ब्रिटिश हाफपेनी. भारी ग्रेड नको. ती हातात घेऊन, फिरवून, अक्षर कुठे संपतं, फूल कुठे येतं, हाफपेनीवरच्या बसलेल्या ब्रिटानियाची ढाल कुठल्या कोनात असते, हे डोळ्यांत बसवा. गाण्याची मूळ चीज पाठ असेल तर तान कितीही लांब गेली तरी सम सापडते, तसंच आहे हे. ज्यांना खालची नाणी पाठ नाहीत त्यांना प्रत्येक रेघ अक्षर वाटते.

न्यू जर्सीत मन रमलं नाही तर दुसरी वाट फेडरल टांकसाळीच्या अर्ध्या सेंटची. न्यूयॉर्कमध्ये वॉटर स्ट्रीटवर टॅलबट, ॲलम अँड ली नावाची भारताशी व्यापार करणारी पेढी होती. तिने १७९४ आणि १७९५ साली बर्मिंगहॅममध्ये स्वतःचे सेंट बनवून घेतले: एका बाजूला उभी लिबर्टी, दुसरीकडे जहाज. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला तांब्याची टंचाई होतीच. एप्रिल १७९५ मध्ये तिने ही नाणी हजार पौंडांहून जास्त वजनाची विकत घेतली, पुढच्या वर्षाअखेरीस आणखी घेतली, आणि त्यांतून छोट्या चकत्या कापून अर्धे सेंट पाडले. १७९५ आणि १७९७ च्या अर्ध्या सेंटवर हे दिसतं. चकती मधूनच कापलेली असल्याने काठावरची अक्षरं बहुतेक कापली जातात. शोधायचं ते जहाजाचं अंग, दोरखंड, किंवा लिबर्टीच्या झग्याच्या घड्या. कापताना चकती बाजूला सरकली असेल तरच एखादं अक्षर हाती लागतं. ज्या जहाजांनी या पेढीने भारताशी व्यापार केला, तसंच जहाज अमेरिकेच्या अर्ध्या सेंटच्या पोटात सापडतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते नाणं खाली ठेवलं नव्हतं.

१७९५ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या मान्यतेने सेंटचं वजन २०८ ग्रेनवरून १६८ वर आणि अर्ध्या सेंटचं १०४ वरून ८४ वर आलं, आणि काठावरची अक्षरं गेली. बिघडलेले मोठे सेंटही टांकसाळ कापून वापरत असे. १८०२ चे अर्धे सेंट अशाच कापलेल्या मोठ्या सेंटवर पाडलेले आहेत. म्हणजे इथेही न्यू जर्सीचाच नियम लागू: १८०२ च्या बाबतीत ‘मोठ्या सेंटवर ठोकलेलं’ म्हणून जास्त मागणारा विक्रेता तुम्हाला त्या सालाचीच गोष्ट पुन्हा विकतोय. शिवाय वरचं आणि खालचं नाणं एकाच टांकसाळीचं, एकाच शैलीतलं, म्हणून वाचायला सर्वांत कठीण. सुरुवातीला तिकडे जाऊ नका.

जपण्याबद्दल थोडंच. तांबं धुऊ नका, चकाकी आणू नका, कोणतंही पॉलिश लावू नका. साफ केलेल्या नाण्यावरच्या खालच्या खुणा सर्वांत आधी जातात, कारण त्या आधीच केसाएवढ्या उंच असतात. मऊ ब्रशने धूळ झटका, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, मायलर किंवा सुती अस्तराचं पाकीट वापरा आणि दमट तळघरात ठेवू नका. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात हा शेवटचा मुद्दा गंभीरपणे घ्या.

तर तुमच्या नाण्याकडे परत. विक्रेत्याला सांगा की तिथेच दिवा खाली करून दहा मिनिटं पाहू द्या. घोड्याच्या बाजूला अक्षरांवरून दिशा काढा, मग ढालीच्या बाजूला उलट कोनात चेहऱ्याची कड, फिती किंवा चेहऱ्याभोवतीच्या ‘ऑक्टोरी’ या शब्दाचं एखादं अक्षर शोधा. सापडलं तर थोडी घासाघीस करून घ्यायला हरकत नाही. काहीच सापडलं नाही तर साध्या ५६-एनची किंमत सांगा, आणि तो तयार झाला नाही तर सोडून द्या. ५६-एन काही दुर्मीळ नाही, पुढच्या प्रदर्शनात दुसरं दिसेल. शक्य झालं तर दोन्ही बाजूंचे फोटो टाका, दिवा एकदा दहाच्या आणि एकदा दोनच्या दिशेला ठेवून, म्हणजे माझ्याकडच्या कनेक्टिकटच्या फोटोंवर ठेवून पाहतो. डबीवरचा क्रमांक फोटोत दिसू द्या. हे नाणं आधी एखाद्या लिलावात वजनासकट येऊन गेलंय का तेही शोधता येईल.